तळटीप कोणी खाल्ली?

सध्या आपल्याकडे वेदवाक्याचा एक नवा प्रकार निघाला आहे. पूर्वी वाद मिटवायचा असला म्हणजे लोक शास्त्राचा आधार देत, थोरामोठ्यांचे नाव घेत, निदान ‘आमचे आजोबा असे म्हणत’ एवढे तरी सांगत. आता म्हणतात, ‘ॲनालिसिसमध्ये तसे आले आहे.’ एवढे वाक्य उच्चारले की बोलणाऱ्याची जबाबदारी संपते आणि ऐकणाऱ्याचे तोंड बंद होते. ‘आले आहे’! जणू पाऊस आला, पाहुणे आले, तसा निष्कर्षही आपला आपण चालत आला! त्याला बोलावले कोणी, आणले कोणत्या वाटेने, आणि वाटेत कोणाकोणाला मागे ठेवले, हे काही विचारायचे नाही.

वाचकहो, माझे भांडण आकड्यांशी नाही. घरखर्चाची वही मी गेली वीस वर्षे ठेवते आहे आणि महिनाअखेरीस तिच्याइतके खरे बोलणारे माणूस मला घरात दुसरे सापडत नाही. माझे भांडण आहे ते या ‘आले आहे’शी.

भांडणाचे कारण सांगते. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली बाई. कादंबऱ्या लिहिते आणि एका लहानशा शाळेत प्राथमिक वर्गांना शिकवते. आमच्या शाळेत आठवड्यातून दोन तास वाचनाचे असत. कपाट उघडायचे, पुस्तके वाटायची आणि मुलांच्या वाटेतून बाजूला व्हायचे, एवढेच माझे काम. संस्थेने नेमलेल्या सल्लागार मंडळींनी गेल्या वर्षी मुलांच्या गुणांची छाननी केली आणि अहवाल दिला : वाचनालयाचा वार्षिक परीक्षेतील गुणांवर परिणाम आढळत नाही, सबब हे तास सराव परीक्षांना द्यावेत. पडद्यावर एक तक्ता दाखवण्यात आला. त्यात ‘वाचनालय’ या शब्दासमोरचा आकडा तांबडा केला होता. हा आकडा काढला कसा, असे मी विचारले. उत्तर मिळाले, ‘बाई, ते मल्टिपल रिग्रेशन आहे. सॉफ्टवेअरने काढले आहे.’ जूनपासून ते तास बंद झाले.

त्या उत्तराचा खरा अर्थ ‘हे तुमच्यासारखीला कळायचे नाही’ असा होता. तो मान्य करण्याचे मला काही कारण दिसेना. माझा भाचा संख्याशास्त्र शिकतो. सुट्टीत त्याला घरी ठेवून घेतले, दोन वेळा चांगलेचुंगले खाऊ घातले आणि म्हटले, ‘मला शिकव.’ जे शिकले ते आज आपल्यापुढे मांडते. कारण हा तक्ता केवळ माझ्या शाळेत आलेला नाही. तो आपल्या मुलांच्या शाळेत, आपल्या कचेरीत, इस्पितळात, सरकारी योजनेत, कुठे ना कुठे येऊन बसलेला आहे.

दिवाळीचे दिवस आहेत, तेव्हा चकलीचेच उदाहरण घेऊ. समजा, आपल्या आळीत चाळीस घरी चकल्या झाल्या. प्रत्येक घरी जाऊन आपण चार गोष्टी लिहून घेतल्या : मोहन किती घातले, भाजणीत तांदूळ किती होते, तेल किती तापवले, आणि चकली किती खुसखुशीत झाली. खुसखुशीतपणाला दहापैकी गुण द्यायला एकच चोखंदळ माणूस नेमला. आता प्रश्न असा : मोहन एक चमचा वाढवले, बाकी सारे तसेच ठेवले, तर खुसखुशीतपणा किती वाढतो?

स्वयंपाकघरात या प्रश्नाचे उत्तर काढणे सोपे आहे. तीच भाजणी, तीच कढई, तीच आच. फक्त मोहन बदलून दोन घाणे तळायचे. पण चाळीस घरच्या चकल्या तळून झालेल्या आहेत आणि कोणत्याही दोन घरांत ‘बाकी सारे’ तसेच नाही. इथे रिग्रेशन मदतीला येते. ते प्रत्येक कारणाला एकेक वजन देते. या वजनांवरून प्रत्येक घरच्या चकलीचे गुण वर्तवते, वर्तवलेले गुण आणि खरे गुण यांतला फरक काढते, त्या फरकांचे वर्ग करते, आणि सगळ्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईल अशी वजने शोधते. जे प्रत्यक्षात स्थिर नव्हते ते हिशेबात स्थिर धरण्याची ही युक्ती आहे. युक्ती मोठी सुंदर आहे. पण सारी करामत ‘बाकी सारे तसेच ठेवले तर’ या पाच शब्दांत आहे, आणि सारी लबाडीही तिथेच आहे. ‘बाकी सारे’ म्हणजे फक्त आपण लिहून घेतलेले. जे लिहून घेतले नाही ते या हिशेबात नसते. एखाद्या घरी चकली पाडणाऱ्या आजींचा चाळीस वर्षांचा हात असेल, तर त्या हाताचे श्रेय तक्ता मोहनाला देऊन मोकळा होईल.

आता हे संगणकावर करायचे कसे, तेही सांगते. कारण त्याचे अवडंबर फार माजवले जाते. एसपीएसएस नावाचे पॅकेज १९६८ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झाले. त्यात ‘ॲनलाइज’ उघडायचे, ‘रिग्रेशन’वर जायचे, ‘लिनिअर’ निवडायचे. एक चौकट उघडते. परिणामाचा रकाना ‘डिपेंडंट’मध्ये टाकायचा, कारणांचे रकाने ‘इंडिपेंडंट’मध्ये टाकायचे आणि ‘ओके’ दाबायचे. भाच्याने मला दाखवले ते ‘आर’. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी ते १९९०च्या दशकात रचले आणि ते फुकट मिळते. त्यात चौकटीऐवजी एक ओळ लिहावी लागते. फरक तेवढाच. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तक्ते हजर!

त्यांत पाहायचे काय? एक असतो ‘आर स्क्वेअर’. घरोघरच्या गुणांत जो चढउतार आहे त्यातला किती हिस्सा या रकान्यांच्या हिशेबात बसला, हे तो सांगतो. ०.६० म्हणजे साठ टक्के. मग प्रत्येक कारणासमोर त्याचे वजन असते. वजनाशेजारी ‘स्टँडर्ड एरर’, म्हणजे हे वजन किती डळमळीत आहे त्याचे माप. आणि अगदी शेवटी ‘सिग.’ नावाचा एक बारकासा आकडा, ज्याच्यापुढे सल्लागार मंडळी हात जोडतात.

हे सगळे सॉफ्टवेअर इमानेइतबारे करते. पण ते एक गोष्ट कधी विचारीत नाही : ‘बाई, हेच रकाने का?’ मोहनाच्या शेजारी मी घराच्या दारावरचा क्रमांक बसवला, तरी ते कुरकुर न करता त्याचेही वजन काढून देते. नोकर आज्ञाधारक आहे. शहाणपण मालकाने आणायचे आहे. आणि मालक म्हणतो, ‘नोकराने सांगितले!’

या विद्येच्या जन्मकाळी इतका कोडगेपणा नव्हता. रिग्रेशन हे नाव फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज गृहस्थाच्या अभ्यासावरून रूढ झाले. १८८६ साली त्याने २०५ जोडप्यांची आणि त्यांच्या ९२८ प्रौढ अपत्यांची उंची घेऊन निबंध लिहिला. फार उंच आईबापांची मुले उंच असतात, पण आईबापांइतकी नव्हे. ती सरासरीकडे थोडी मागे वळतात. हे मागे वळणे म्हणजे रिग्रेशन. पुढे १८९९ साली जॉर्ज अड्नी यूल याने हे तंत्र एका जिवंत सामाजिक प्रश्नाला लावले. त्या काळी इंग्लंडात गोरगरिबांना सरकारी मदत दोन प्रकारांनी मिळे. एक, वर्कहाऊस नावाच्या कोंडवाड्यात राहायला जाऊन. दुसरी, आपल्या घरी राहूनच. या दुसरीला ‘आउट-रिलीफ’ म्हणत. १८७०च्या दशकापासून ही घरची मदत तोडण्याची मोहीमच सुरू झाली होती; घरबसल्या भाकरी दिली की लोक भिकारी होतात, असा मोहीमवाल्यांचा दावा होता.

यूलने लंडनमधल्या ३२ विभागांचे १८७१ ते १८८१ या दहा वर्षांतले आकडे घेतले. दारिद्र्याच्या प्रमाणातला बदल हा परिणाम. घरच्या मदतीतला बदल, लोकसंख्येतला बदल आणि वृद्धांच्या प्रमाणातला बदल ही कारणे. तेव्हा संगणक कुठला! हाताने सारा हिशेब करून त्याने वजने काढली : घरच्या मदतीसमोर ०.७५५, वृद्धांसमोर वजा ०.०२२, लोकसंख्येसमोर वजा ०.३२२. म्हणजे घरची मदत वाढली की दारिद्र्य वाढते, असे दिसले. मोहीमवाल्यांना दुसरे काय हवे होते?

पण यूल प्रामाणिक माणूस होता. त्याने निबंधात एक तळटीप घातली. तिचा आशय असा की, मी जिथे जिथे ‘यामुळे’ असे म्हटले आहे, तिथे काटेकोर बोलायचे तर ‘याच्याशी निगडित’ असे समजावे. बस्स! साऱ्या निबंधाचा प्राण या एका तळटिपेत आहे. कारण उलटेही संभवते : ज्या विभागात हलाखी वाढली, तिथे मदत मागणारे वाढले आणि म्हणून घरची मदत वाढली. किंवा तिसरेही : त्या भागातला धंदा बसला आणि दोन्ही एकदम वाढली. पावसात छत्र्याही उघडतात आणि चिखलही होतो, म्हणून छत्र्यांनी चिखल केला असे कोणी म्हणत नाही. पण पावसाचा रकानाच वहीत नसला, तर तक्ता तसे म्हणायला कमी करणार नाही.

यूलविषयी माझी तक्रार एवढीच की, जे ठळक अक्षरांत छापायचे ते त्याने पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत घातले. पण आजच्या सल्लागारांपुढे तो देवमाणूस म्हटला पाहिजे. यांनी ती तळटीपसुद्धा खाऊन टाकली आहे! रकाना टाकणाऱ्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये चौकटी आहेत, बटणे आहेत, रंगीत आलेख आहेत. ‘यामुळे’ऐवजी ‘निगडित’ वाचावे, असे छापणारे बटण नाही. ते काम माणसाचे होते आणि माणसाने ते सोडून दिले.

आता आमच्या शाळेतल्या तक्त्याकडे येते. मुलांची नावे काढून ती माहिती मी मागून घेतली आणि भाच्यासमोर ठेवली. त्याने तक्ता पाहिला आणि पहिलाच प्रश्न केला, ‘मावशी, वाचनाच्या तासाला कोण कोण बसत होते?’ मी म्हटले, ‘सगळी.’ तो हसायलाच लागला.

हसण्याचे कारण असे. तास सगळ्यांना सारखा होता. जी गोष्ट सगळ्यांना सारखी आहे, तिचा परिणाम या रीतीने मोजताच येत नाही. आळीतल्या चाळीसही घरी चकलीत सारखेच मीठ पडले असेल, तर मिठाचा रकाना सॉफ्टवेअर आपण होऊन बाजूला टाकते, कारण तुलना करायला काही उरतच नाही. मग चकलीला मीठ लागत नाही असे समजायचे काय? सल्लागारांनी मोजले होते ते वाचनाच्या तासाला नव्हे, तर कोणत्या मुलाने किती पुस्तके घरी नेली, त्या संख्येला. आणि बंद केला तास! मोजले एक, बोलले दुसरे, कापले तिसरे.

दुसरी गोष्ट याहून गमतीची. कारणांच्या रकान्यांत त्यांनी ‘वाचनगती’ घातली होती; म्हणजे मूल मिनिटाला किती शब्द वाचते. आता विचार करा. पुस्तके वाचून मुलाचा फायदा होतो तो कसा? वाचनाचा वेग वाढतो, समज वाढते, मग इतिहासाचा धडाही कळतो आणि गणितातले शाब्दिक उदाहरणही कळते. आणि हे म्हणतात, वाचनगती स्थिर धरा, आणि मग सांगा की पुस्तकांनी काय केले! जेवणाने भूक भागते की नाही हे पाहायचे, आणि अट अशी की पोट किती भरले ते स्थिर धरा. मग जेवण निरुपयोगी ठरेल नाही तर काय? भाच्याने तो रकाना काढून हिशेब पुन्हा केला, तेव्हा वाचनालयासमोरचे वजन चांगलेच वाढले. एक रकाना काढला की निकाल फिरतो, मग हा निकाल सॉफ्टवेअरचा की रकाना घालणाऱ्याचा?

इथे मी प्रामाणिकपणे सांगते : वाढलेल्या वजनाने वाचनालयाचा विजय सिद्ध झाला, असे मी म्हणत नाही. जी मुले जास्त पुस्तके घरी नेतात, त्यांच्या घरात मुळातच वाचनाचे वातावरण असेल. पुस्तके आणि घर ही जोडीने येतात. आमच्या आळीत जी काकू भाजणी घरी भाजते, तीच काकू मोहनही बेताने घालते. तेव्हा श्रेय भाजणीचे की मोहनाचे, हे चाळीस घरांच्या वहीवरून कळत नाही. दोन कारणे हातात हात घालून चालू लागली की दोघांचीही वजने डळमळतात. तिचा गुण त्याला, त्याचा तिला. तक्ता खोटे बोलत नसतो; त्याला त्या दोघांना वेगळे ओळखताच येत नाही.

तिसरी गोष्ट, तो तांबडा आकडा. ‘सिग.’चा अर्थ भाच्याने मला चार वेळा सांगितला, कारण मी चार वेळा विचारला. खरोखर काहीच परिणाम नसता, आणि आपण धरलेली बाकीची गृहीतेही बरोबर असती, तर एवढे किंवा याहून मोठे वजन निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, एवढेच तो सांगतो. ही शक्यता पाच टक्क्यांहून कमी असली की ‘सिग्निफिकंट’ म्हणायचे, ही रूढी रोनाल्ड फिशर याच्या १९२५ सालच्या पुस्तकाने लोकप्रिय केली. पाच टक्के ही रेघ देवाने आखलेली नाही, माणसाने आखली आहे. रेघेअलीकडे असला म्हणजे परिणाम मोठा ठरत नाही. पलीकडे असला म्हणजे परिणाम नाहीच, असेही ठरत नाही. उदाहरणादाखल, एखाद्या वजनाचा आकडा ३ गुण असेल आणि त्याची डळमळ २ असेल, तर खरा परिणाम ढोबळमानाने एक गुण उतरण्यापासून सात गुण चढण्यापर्यंत कुठेही असू शकेल. याला ‘सिग्निफिकंट नाही’ म्हणतात. मराठीत याचा अर्थ ‘अजून कळले नाही’ असा होतो. सल्लागारांच्या मराठीत मात्र ‘काही उपयोग नाही’ असा होतो! डॉक्टर म्हणाले, ‘तपासणीतून नक्की कळत नाही’, आणि घरच्यांनी रोग्याचे औषध बंद केले, अशातला हा प्रकार. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला तर २०१६ साली जाहीर निवेदन काढून सांगावे लागले की हा आकडा परिणामाचा मोठेपणा मोजत नाही, आणि तो कोणत्या रेघेच्या कोणत्या बाजूला पडला एवढ्यावरून निर्णय घेऊ नयेत.

याच रेघेची दुसरीही एक मौज आहे. परिणामाशी काडीचा संबंध नसलेले वीस रकाने घातले, तर सरासरीने त्यांतला एखादा ‘सिग्निफिकंट’ होऊन बसतो. तेव्हा जो माणूस शंभर रकाने चाळून पाच तांबडे-हिरवे आकडे आणून दाखवतो, त्याला आधी विचारावे, बाकीचे पंचाण्णव कुठे ठेवलेत?

आणि चौथी गोष्ट, सरळ रेघ. ‘लिनिअर’ म्हणजे सरळ रेघेतले. पण मोहनाचे गणित कोणत्या गृहिणीला सरळ रेघेत मांडता येईल? मोहन कमी पडले तर चकली कडक होते. जास्त झाले तर तेलात सोडताच विरघळते. बेताचे असले तरच जमते. चढ आणि उतार सारखेच असले तर सरळ रेघ दोन्हींची फिट्टंफाट करून टाकते आणि जाहीर करते : मोहनाचा परिणाम शून्य! १९७३ साली फ्रान्सिस अँस्कोम याने आकड्यांचे चार संच प्रसिद्ध केले. चारही संचांत सरासऱ्या जवळपास त्याच, सरळ रेघही जवळपास तीच. पण कागदावर ठिपके मांडून पाहिले, तर एका संचात साधी सरळ चढण, दुसऱ्यात चक्क कमान, तिसऱ्यात एकच ठिपका रांग सोडून बाहेर उभा आणि रेघ आपल्याकडे ओढतो आहे, आणि चौथ्यात तर सारी चढण एकट्याच्याच जिवावर! तक्ता वाचण्याआधी ठिपक्यांचे चित्र पाहावे, ही गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीच सांगून झाली आहे. आमच्या अहवालात एकही चित्र नव्हते. पहिल्या पानावर सल्लागारांची बोधचिन्हे मात्र होती.

कोणी म्हणेल, ‘बाई, एवढ्याशा शाळेतल्या दोन तासांसाठी केवढा हा आकांत!’ ठीक आहे, मोठ्या ठिकाणी चला. अमेरिकेत शिक्षकांनाच या तक्त्यात घातले गेले. विद्यार्थ्यांचे मागचे गुण आणि इतर माहिती हिशेबात धरून, यंदाच्या गुणांत शिक्षकाने किती ‘भर’ घातली हे काढायचे; मल्टिपल रिग्रेशनच्याच कुळातले, पण पुष्कळ गुंतागुंतीचे हे तंत्र. न्यूयॉर्क राज्यातल्या एका शिक्षिकेला एका वर्षी वीसपैकी चौदा गुण मिळाले आणि पुढच्या वर्षी वीसपैकी एक! तिच्या विद्यार्थ्यांची कामगिरी दोन्ही वर्षी जवळपास सारखीच होती. ती न्यायालयात गेली आणि २०१६ साली न्यायाधीशांनी तो आकडा मनमानी ठरवून रद्द केला. टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात अशाच आकड्यांवरून शिक्षकांच्या नोकऱ्या धोक्यात आल्या. आकडा कसा निघाला हे त्यांना सांगता येत नव्हते, कारण हिशेबाची रीत खासगी कंपनीचे गुपित होती. २०१७ साली तिथल्या संघीय न्यायालयाने म्हटले की जो आकडा शिक्षकाला तपासून पाहता येत नाही, त्यावरून त्याच्या नोकरीचा निवाडा होणे न्यायप्रक्रियेच्या हक्काला बाधक ठरू शकते. आणि त्याच वर्षी तडजोड होऊन, न तपासता येणाऱ्या अशा आकड्यांवर शिक्षकांना काढणार नाही, असे तिथल्या शाळाखात्याला कबूल करावे लागले. संख्याशास्त्रज्ञांच्या त्याच संघटनेने २०१४ साली सांगितलेच होते की, बहुतेक अभ्यासांत मुलांच्या गुणांतल्या चढउताराचा एक ते चौदा टक्के इतकाच हिस्सा शिक्षकाच्या वाट्याला येतो, आणि असे आकडे सहसा संबंध दाखवतात, कारण नव्हे.

पाहिलेत? १८९९ची तळटीप २०१४ साली पुन्हा छापावी लागली. मधल्या ११५ वर्षांत यंत्रे कोट्यवधी पटींनी वेगवान झाली. तळटीप मात्र होती तिथेच राहिली आणि लोक तिच्यावर पाय देऊन पुढे गेले.

‘मग आकडे मोजायचेच नाहीत काय?’ असा उलट सवाल मला करण्यात येईल. मोजावेत! जरूर मोजावेत! अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावात १९४८ साली ५,२०९ स्त्रीपुरुषांची नोंद सुरू झाली आणि त्यांच्या हृदयाच्या आरोग्यावर वर्षानुवर्षे नजर ठेवण्यात आली. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांचा एकत्र हिशेब अशाच जातीच्या तंत्राने झाला आणि आज आपले डॉक्टर रक्तदाब मोजून जे दटावतात त्यामागे ती मेहनत आहे. पण फरक पाहा. तिथे कोणते रकाने घ्यायचे हे वैद्यांनी विचार करून ठरवले, माणसांचा माग वर्षानुवर्षे ठेवला, दुसऱ्या गावांतल्या, दुसऱ्या पद्धतींच्या पुराव्यांशी ताडून पाहिले, आणि मग सल्ला दिला. तिथे तक्ता साक्षीदार होता. आमच्याकडे तोच न्यायाधीश, तोच फिर्यादी आणि तोच बेलिफ! साक्षीदाराची उलटतपासणी व्हावी लागते; त्याच्या पहिल्याच वाक्यावर फाशी देत नाहीत.

ही उलटतपासणी करायला पदवी लागत नाही, हे मी मॅट्रिक झालेली बाई आपल्याला छातीठोकपणे सांगते. पुढच्या वेळी कोणी आपल्यासमोर असा तक्ता धरला, तर घाबरू नका. विचारा : परिणाम म्हणून नेमके काय मोजले, आणि कृती कशावर करणार? दोन्ही एकच आहेत ना? कोणते रकाने घेतले आणि कोणते घेता आले नाहीत? एखादा रकाना काढला किंवा घातला तर निकाल फिरतो काय? वजन किती आणि त्याची डळमळ किती? ‘परिणाम नाही’ की ‘कळले नाही’? ठिपक्यांचे चित्र कुठे आहे? आणि शेवटी, ‘यामुळे’ म्हणता, ते कशाच्या बळावर? ज्याने प्रामाणिकपणे काम केले आहे तो या प्रश्नांनी सुखावेल, चहा मागवील आणि तासभर बोलत बसेल. ज्याला राग येईल, त्याने काय केले आहे हे आपल्याला उत्तराशिवायच कळेल.

या अंकाचे वाचक बहुतेक आईबाप आहेत, आजीआजोबा आहेत. आपल्या मुलाने काय वाचावे, त्याला कोणी शिकवावे, त्याच्या शाळेतला कोणता तास राहावा आणि कोणता जावा, हे आता अशाच तक्त्यांवरून ठरत जाणार. ठरू दे, पण ठरवणारा माणूस पडद्याआड बसता कामा नये. रकाने निवडताना त्याने काय विचार केला, काय सोडले, कशाची खात्री नव्हती, हे त्याने आपल्या तोंडाने सांगितले पाहिजे. ‘आले आहे’ म्हणणाऱ्याला ‘मी आणले आहे’ असे म्हणायला लावा. तक्त्याखाली त्याची सही घ्या. आणि सहीखाली, यूलने घातली होती ती तळटीप घाला, ठळक अक्षरांत.